स्वतःच्याच त्वचेतून मेंदूसाठी पेशी: पार्किन्सनच्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ६९ वर्षांचा पुरुष, उजव्या हाताने काम करणारा, पार्किन्सनचं निदान होऊन दहा वर्षं झालेली. लेव्होडोपा आणि जोडीची औषधं चालू होती, तरी दिवसातले तीनेक तास 'ऑफ'मध्ये, म्हणजे औषधाचा असर ओसरलेल्या अवस्थेत, जात. कंप वाढे, पाठ वाके, बोटांची बारीक कामं जमत नसत. गोळी वाढवावी तर उभं राहताच रक्तदाब घसरे, त्यामुळे औषधाला वरची मर्यादा आली होती. अमेरिकेतल्या या रुग्णाच्या मेंदूत सप्टेंबर २०१७ मध्ये डावीकडे आणि मार्च २०१८ मध्ये उजवीकडे पेशी सोडण्यात आल्या. त्या त्याच्याच त्वचेपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या होत्या. अशा प्रकारचं हे पहिलंच प्रत्यारोपण. त्याचा वृत्तांत मे २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पेशींचं काम मॅक्लीन हॉस्पिटलमधल्या क्वांग-सू किम यांच्या प्रयोगशाळेचं. पहिली शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये झाली, दुसरी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये.

'प्रयोगशाळेत मेंदू पिकवला' अशा थाटाच्या बातम्या त्या वेळी आल्या. प्रत्यक्षात मेंदूचा तुकडा कुणी बनवला नव्हता आणि बनवायचाही नव्हता. हवी होती फक्त एक जात: मध्यमेंदूतली, डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणारी चेतापेशी, तीही अर्धवट वाढलेली. पेशी वाढवणं आता बऱ्याच प्रयोगशाळांना जमतं. या प्रकरणाचा कस लागला तो नेमकी हीच जात, नेमक्या याच वयाची आणि सोबत नको असलेली एकही पेशी नाही, हे दाखवण्यात.

जागा आणि गरज

पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या सब्स्टँशिया नायग्रा या काळसर गाभ्यातल्या पेशी मरत जातात. त्यांचे लांब तंतू वर प्युटामेन या हालचालींशी निगडित भागापर्यंत जातात आणि तिथे डोपामिन सोडतात. लेव्होडोपा ही डोपामिनची आधीची पायरी. आपल्याकडची खाजकुयली ज्या द्रव्यासाठी ओळखली जाते ते हेच. उरलेल्या पेशी त्याचं डोपामिन करतात आणि साठवतात. पेशी कमी झाल्या की साठवण संपते, मग गोळी पोटात गेल्यावर चढ आणि थोड्या वेळात उतार. नवी पेशी बसवण्यामागचा विचार एवढाच, की डोपामिन जागेवर आणि मागणीनुसार सुटावं.

इथे नवख्याला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे पेशी मूळ गाभ्यात सोडत नाहीत. प्रौढ मेंदूत नव्या पेशीचा तंतू तिथून प्युटामेनपर्यंतचं अंतर सहसा कापू शकत नाही. म्हणून पेशी थेट प्युटामेनमध्ये, त्यातही मागच्या, हालचालीशी निगडित भागात ठेवतात. याची दुसरी बाजूही आहे. नायग्रामधल्या पेशीला जे संदेश वरून आणि शेजारून मिळतात, ते प्युटामेनमध्ये बसलेल्या पेशीला तसेच मिळत नाहीत. तुटलेली वायरिंग यातून पूर्ववत होत नाही. मिळतो तो डोपामिनचा स्थानिक पुरवठा.

या मार्गाला जुना इतिहास आहे. स्वीडनमधल्या लुंडला १९८७ पासून ओले लिंडवाल आणि अँडर्स ब्यॉर्कलुंड यांच्या गटाने गर्भपातातून मिळालेल्या, सहा ते नऊ आठवड्यांच्या गर्भाच्या मध्यमेंदूतल्या ऊती रुग्णांना बसवल्या. काहींना वर्षानुवर्षं उपयोग झाला. पण एका बाजूसाठीच तीन-चार गर्भ लागत, तेही एकाच वेळी आणि योग्य वयाचे. ऊती मिळाल्या नाहीत म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द होत. शिवाय २००१ मध्ये अमेरिकेतल्या ४० रुग्णांच्या चाचणीत, ज्यात निम्म्यांच्या कवटीला फक्त भोक पाडलं होतं, पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पुढे औषध बंद ठेवलं तरी न थांबणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या. अशा हालचाली होणाऱ्या काही रुग्णांच्या कलमात, म्हणजे बसवलेल्या ऊतींत, नंतर सेरोटोनिन हे वेगळंच रसायन सोडणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात आढळल्या. गर्भाच्या ऊती कापताना शेजारचा पश्चमेंदू थोडा जरी सोबत आला, तर हे होऊ शकतं. म्हणूनच डिशमध्ये पेशी घडवताना आज पश्चमेंदूची पेशी आत शिरू नये यावर एवढा कटाक्ष असतो.

स्वतःच्या पेशी का

शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी उलट्या फिरवून भ्रूणासारख्या बहुक्षम, म्हणजे कुठल्याही जातीची पेशी होऊ शकणाऱ्या, केल्या. त्यांना आयपीएस पेशी म्हणतात. २०१२ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. यानंतर दोन रस्ते उघडले: दात्याच्या एका उत्तम पेशीकुळापासून सगळ्यांसाठी पेशी बनवायच्या, किंवा प्रत्येकाच्या स्वतःच्या.

दात्याच्या पेशीत एकदाच तपासणी करून हजारो मात्रा गोठवून ठेवता येतात, पण रुग्णाला महिनोन् महिने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. ७० च्या घरातल्या माणसाला त्यातून होणारा संसर्ग महागात पडू शकतो. स्वतःच्या पेशीत ही औषधं टळतात, मात्र प्रत्येक रुग्ण म्हणजे नवा कारखाना: नवी बायॉप्सी, नवी तपासणी, नवा खर्च. आणि अपयशाची शक्यताही प्रत्येक वेळी नव्याने. जपानमध्ये २०१४ साली डोळ्याच्या पडद्यासाठी एका रुग्णाला स्वतःच्या आयपीएस पेशींचा थर बसवला होता. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल सापडले, शस्त्रक्रिया झाली नाही आणि गट दात्याच्या पेशींकडे वळला. किम यांच्या बोस्टनच्या गटासमोर हे उदाहरण ताजं होतं.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली ती एकट्या रुग्णापुरती, विस्तारित वापराच्या तरतुदीखाली. प्रयोगशाळेतल्या पूर्वतयारीचा खर्च रुग्णाने स्वतः दिला होता, हेही नंतर उघड झालं. निकाल वाचताना ही बाब डोळ्यांआड करू नये. खर्च करणारा, भाग घेणारा आणि आपल्याला कसं वाटतंय हे सांगणारा माणूस एकच होता.

त्वचेपासून आयपीएसपर्यंत

त्वचेच्या काही मिलिमीटरच्या तुकड्यातून फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतुपेशी डिशमध्ये पसरू लागतात. त्यांत यामानाकांचे घटक घालून त्यांची ओळख पुसतात. किम यांच्या गटाने नेहमीच्या घटकांना चयापचय बदलणाऱ्या सूक्ष्म आरएनएंची जोड दिली होती: मिर-३०२ गट आणि मिर-२००सी. उलटा प्रवास करताना पेशीला ऊर्जेची पद्धत बदलावी लागते आणि तिथेच बऱ्याच पेशी अर्धवट अडकतात. अशी अर्धी बदललेली पेशी वसाहत करून वाढते, सूक्ष्मदर्शकाखाली चांगलीही दिसते, पण पुढे तिच्यापासून चेतापेशी नीट घडत नाही.

चांगली वसाहत ओळखण्याची खूण सोपी: कडा कापून काढल्यासारखी, पेशी दाटीने बसलेल्या, प्रत्येकीत मोठं केंद्रक आणि त्यात ठळक केंद्रिका. कडेला पसरट, लांबट पेशी दिसू लागल्या की वसाहत आपोआप भलतीकडे वळतेय असं समजायचं आणि तो भाग टोकाने खरवडून टाकायचा. एका बायॉप्सीतून अनेक वसाहती वेगळ्या वाढवतात, कारण एकाच माणसाच्या दोन वसाहतीही पुढे सारख्या वागत नाहीत. कुठली चेतापेशी देते, कुठली गुणसूत्रांनी धड आहे आणि कुठली उंदरात गाठ करत नाही, हे पाहून एकीवर शिक्कामोर्तब होतं.

गुणसूत्रांची तपासणी एकदा करून भागत नाही. बहुक्षम पेशी दर तीन-चार दिवसांनी नव्या डिशमध्ये हलवाव्या लागतात आणि प्रत्येक हलवणीत जी जास्त टिकते तिचंच कुळ वाढतं. विसाव्या गुणसूत्राच्या २०क्यू११.२१ या भागाची जास्तीची प्रत वारंवार दिसते, कारण तिथलं बीसीएल२एल१ जनुक पेशीला मरू देत नाही. टीपी५३ या कर्करोगाला आवर घालणाऱ्या जनुकात उत्परिवर्तन झालेल्या पेशीही अशाच हळूच वर येतात. नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या गुणसूत्रांच्या तपासणीत, २० पेशी पाहतात. शंभरात दोन-तीन पेशी बिघडलेल्या असतील तर त्या या तपासणीत सुटून जाऊ शकतात. म्हणून या रुग्णाच्या पेशींचा पूर्ण जनुकीय क्रम वाचून कर्करोगाशी जोडलेली जनुकं ताडून पाहिली गेली.

२८ दिवस

बहुक्षम पेशीला काहीही होता येतं. तिला चेतापेशी, त्यातली मध्यमेंदूची, त्यातली पोटाकडच्या बाजूची बनवायचं म्हणजे गर्भात घडणारा क्रम द्रव्यांच्या वेळापत्रकात बसवायचा. या रुग्णासाठी वापरलेल्या कृतीत गटाचे स्वतःचे फेरफार होते. खाली दिलेली मापं २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लॉरेन्झ स्टुडर यांच्या गटाने छापलेल्या आणि पुढे जवळपास सगळ्यांनी पाया म्हणून घेतलेल्या कृतीतली आहेत.

पहिल्या दिवसापासून पेशीला 'त्वचा किंवा स्नायू हो' असं सांगणारे दोन संदेश बंद करतात: एलडीएन-१९३१८९, १०० नॅनोमोलर, आणि एसबी-४३१५४२, १० मायक्रोमोलर. हे दोन्ही मार्ग बंद केले की पेशी आपसूक चेतासंस्थेकडे वळते. लगेच सॉनिक हेजहॉग प्रथिन, मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम, आणि सोबत परमॉर्फमिन, २ मायक्रोमोलर. यामुळे पेशी पोटाकडच्या बाजूची, म्हणजे फ्लोअर प्लेटची होते. डोपामिनच्या पेशी माणसाच्या गर्भात तिथूनच निघतात. ही गोष्ट लक्षात येण्याआधीच्या कृतींतून डोपामिनच्या दिसणाऱ्या पेशी निघत, पण प्राण्यात घातल्यावर त्या टिकत नसत.

तिसऱ्या दिवशी येतं सीएचआयआर-९९०२१, आणि अनुभवी माणसं सगळ्यात जास्त भांडतात ती याच्या मात्रेवरून. ते डब्ल्यूएनटी संदेश चालू करतं आणि मेंदूच्या लांबीवर पेशी कुठे बसेल ते ठरवतं. कमी पडलं तर अग्रमेंदू, जास्त झालं तर पश्चमेंदू. स्टुडर यांच्या कृतीत ३ मायक्रोमोलर. लुंडच्या गटाच्या कृतीत, पेशी गोळ्यांच्या रूपात वाढवताना, ०.७ ते ०.८ च्या आसपास. दोन्ही बरोबर, कारण डिशचा प्रकार, पेशींची दाटी आणि मूळ कूळ बदललं की लागणारी मात्रा बदलते. नव्या कुळासाठी दुसऱ्याचा आकडा उचलून वापरणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ०.४ पासून वर पाच-सहा पायऱ्या लावायच्या, अकराव्या दिवसाच्या सुमारास प्रत्येकीत फॉक्सजी१ (अग्रमेंदूची खूण), ओटीएक्स२ (अग्र आणि मध्यमेंदूची) आणि जीबीएक्स२ (पश्चमेंदूची) ही जनुकं मोजायची, आणि ओटीएक्स२ भरपूर पण उरलेली दोन्ही नगण्य अशी पायरी धरायची. बाटलीतलं द्रव्य पुनःपुन्हा वितळवून गोठवलं तर जोर कमी होतो, म्हणून ते लहान कुप्यांत एकदाच वापरण्यापुरतं भरून ठेवतात. कुपीची नवी तुकडी आली की तक्ता पुन्हा लावायचा. स्टुडर यांच्याच गटाने २०२१ मध्ये मात्रा दोन टप्प्यांत दिली, सुरुवातीला ०.७ आणि चौथ्या दिवसापासून काही दिवस ७.५. त्यामुळे ईएन१ हे मध्यमेंदूचं जनुक जास्त पक्कं बसलं.

दुसरी कटकट यांत्रिक. दहाव्या दिवसानंतर पेशी इतक्या दाट होतात की सगळा थर गालिच्यासारखा एका कडेने सुटून गुंडाळला जातो आणि माध्यम बदलताना पिपेटमध्ये येतो. किम यांच्या गटाने त्यावर उपाय म्हणून पेशी डिशभर न पसरता ठरावीक अंतरावर लहान ठिपक्यांत लावल्या. ठिपक्याला बाहेर पसरायला जागा असते, ताण साठत नाही, थर सुटत नाही. माध्यम बदलताना पिपेटचं टोक डिशच्या भिंतीला टेकवून हळू सोडायचं, ठिपक्यावर धार पडू द्यायची नाही.

विसाव्या दिवसाच्या आसपास पेशी अक्युटेझ या सौम्य विकराने सोडवून लॅमिनिन या प्रथिनाच्या लेपावर पुन्हा बसवतात. ट्रिप्सिन इथे फार कडक पडतं. माध्यमात आता बीडीएनएफ आणि जीडीएनएफ ही चेतापेशी जगवणारी प्रथिनं मिलिलिटरला प्रत्येकी २० नॅनोग्रॅम, ॲस्कॉर्बिक आम्ल ०.२ मिलिमोलर, टीजीएफ-बीटा३ मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम आणि डीएपीटी १० मायक्रोमोलर. शेवटचं द्रव्य विभाजन थांबवून पेशीला पुढे ढकलतं.

या रुग्णासाठी पेशी २८ व्या दिवशी काढल्या. या वयात बहुतेक पेशी फॉक्सए२ आणि एलएमएक्स१ए या योग्य जातीच्या खुणा दाखवतात, पण पूर्ण डोपामिन पेशी मोजक्याच असतात. आणखी दहा-पंधरा दिवस ठेवलं तर डोपामिनचं प्रमाण वाढतं आणि कागदावरचा आकडा छान दिसतो. मोह तिथेच होतो. पण तोवर पेशींना लांब तंतू फुटलेले असतात. सुईत भरण्यासाठी त्या सुट्या करताना तंतू तुटतात आणि पेशी मरतात. उलट आठ-दहा दिवस आधी काढल्या तर विभाजन चालू असतं आणि मेंदूत जाऊन ढेकूळ वाढण्याचा धोका राहतो. क्योटोच्या गटाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला: बाराव्या दिवसाच्या सुमारास कोरिन हे पृष्ठप्रथिन असलेल्या पेशी यंत्राने निवडून घ्यायच्या आणि पुढे त्यांचे गोळे वाढवायचे.

उरलेली बहुक्षम पेशी

चाळीस लाख पेशींत दहा-बारा जरी अजून बहुक्षम राहिल्या असतील, तर मेंदूत टेराटोमाची, म्हणजे नाना जातींच्या ऊतींची, गाठ होऊ शकते. तपासणीची मर्यादा लक्षात घेतली तर 'एकही सापडली नाही' आणि 'एकही नाही' ही दोन वेगळी विधानं. म्हणून या गटाने पेशी काढण्याआधी त्यांना क्वेर्सेटिनची मात्रा दिली. कांद्याच्या सालीत असतं तेच हे. बहुक्षम पेशी जगण्यासाठी सर्व्हायव्हिन या प्रथिनावर विसंबून असते. क्वेर्सेटिन ते दाबतं, बहुक्षम पेशी मरते, चेतापेशीच्या वाटेवर गेलेली तगते. कांदा खाऊन हा परिणाम साधत नाही, हे सांगून ठेवलेलं बरं.

मग प्राण्यांतल्या चाचण्या. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत पेशी घालून महिनोन् महिने गाठ होते का ते पाहिलं. ज्यांच्या मेंदूतल्या एका बाजूच्या डोपामिन पेशी ६-हायड्रॉक्सीडोपामिन या विषाने मारलेल्या, अशा उंदरांत अँफेटामिन दिल्यावर होणारं एका बाजूचं गरगर फिरणं कमी होतं का तेही तपासलं. मानवी पेशी सावकाश पिकतात, त्यामुळे हा फरक दिसायला चार-पाच महिने जातात. सगळ्यात कल्पक चाचणी प्रतिकारशक्तीची होती. उंदरांत रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडून त्याची प्रतिकारशक्ती तिथे वसवली. मग त्यातल्या काहींना त्याच्याच पेशी दिल्या, काहींना परक्या. परक्या नाकारल्या गेल्या, स्वतःच्या टिकल्या. औषधांशिवाय शस्त्रक्रिया करायचा निर्णय या निकालावर उभा होता.

सुई

पेशी गोठवलेल्या नव्हत्या. निर्जंतुक उत्पादनगृहात तयार झालेल्या ताज्या पेशी थंड माध्यमात शस्त्रक्रियागृहापर्यंत आणल्या. ताज्या पेशीचा तोटा असा की निर्जंतुकतेची १४ दिवसांची संवर्धन चाचणी पूर्ण होण्याआधीच ती मेंदूत गेलेली असते. पेशी पाठवताना हाती असतात ते झटपट निकाल: जंतू आणि त्यांची विषं शोधणाऱ्या ग्रॅम रंग, एंडोटॉक्सिन आणि मायकोप्लाझ्मा या तपासण्या आणि जिवंत पेशींचं प्रमाण.

प्रत्येक बाजूला चाळीस लाख पेशी, प्युटामेनच्या मागच्या भागात. या क्षेत्रात मायक्रोलिटरला लाखभर पेशी ही नेहमीची घनता. म्हणजे एका बाजूचा सगळा ऐवज सुमारे ४० मायक्रोलिटर, पाण्याच्या जेमतेम एका थेंबाएवढा. तो एका जागी दाबला तर मधल्या पेशींना प्राणवायू पोचत नाही आणि द्रव सुईच्या मार्गाने उलट वर येतो. म्हणून डोक्याला बसवलेल्या, सुईची दिशा ठरवणाऱ्या चौकटीच्या साहाय्याने वेगवेगळ्या मार्गांनी, प्रत्येक मार्गावर थोडं थोडं मागे घेत सोडायचं. शेवटी सुई काही मिनिटं तशीच धरून मग सावकाश काढायची. सिरिंज हातात धरून ठेवली तर पेशी तळाला बसतात, पहिल्या मार्गात दाट आणि शेवटच्यात पातळ जातात.

दोन बाजूंमध्ये सहा महिने ठेवले. पहिल्या बाजूला रक्तस्राव, सूज किंवा वाढ दिसली असती, तर दुसरी करता आली नसती.

दोन वर्षांनंतर

गाठ नाही, वेड्यावाकड्या हालचाली नाहीत, पेशी नाकारल्याची चिन्हं नाहीत. सुरक्षेच्या बाजूने हे एका माणसापुरतं स्वच्छ उत्तर आहे.

उपयोगाचे आकडे असे. हालचालीच्या गुणांत, जिथे कमी म्हणजे बरं, औषध ओसरल्यावरचे ४३ गुण २४ महिन्यांनी ३३ झाले, औषधाच्या भरात ३८ चे २९. रोजच्या जगण्याच्या ३९ प्रश्नांच्या यादीत, ज्यात ० उत्तम आणि १५६ सर्वांत वाईट, ६२ चे थेट २. औषधाची एकूण मात्रा लेव्होडोपाच्या हिशेबात दिवसाला ९०४ मिलिग्रॅमवरून ८४७, म्हणजे सहा टक्के घट. बुटाची नाडी पुन्हा बांधता येऊ लागली, सोडून दिलेलं पोहणं आणि स्कीइंग परत सुरू झालं. पीईटी या किरणोत्सारी खुणेने मेंदूतलं काम दाखवणाऱ्या चित्रात, फ्लोरिन-१८ लावलेल्या डोपाचं शोषण कलमाजवळ माफक वाढलं.

हे आकडे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत आणि ते जसेच्या तसे वाचले पाहिजेत. ६२ वरून २ ही उडी एवढी मोठी, की दहा गुणांची हालचालीतली सुधारणा आणि पीईटीतली माफक वाढ ती पूर्ण पेलू शकत नाही. पार्किन्सनमध्ये आशेचा परिणाम खराखुरा असतो. अपेक्षेनेही मेंदूत डोपामिन सुटतं. तुलनेला दुसरा रुग्ण नाही, खोटी शस्त्रक्रिया नाही, रुग्णालाही माहीत आणि तपासणाऱ्यालाही. मानवी पेशी पिकायला महिने लागतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत दिसलेली कुठलीही सुधारणा कलमाची असूच शकत नाही. लेखकांनीही 'पेशी जगल्याचं सूचित होतं' आणि 'लक्षणं स्थिरावली किंवा सुधारली' एवढंच लिहिलं. त्यांची भाषा बातम्यांपेक्षा कितीतरी संयमी होती.

पीईटी माफक का, याचं उत्तर बहुधा सुईत आहे. गर्भाच्या ऊतींच्या अनुभवावरून एका प्युटामेनमध्ये डोपामिनच्या लाखभर पेशी जगाव्यात असा अंदाज धरतात. चाळीस लाख सोडून एवढ्याही जगतील याची खात्री नसते, कारण पहिल्या काही दिवसांतच बहुतेक मरतात. किम यांच्याच गटाने २०२३ मध्ये दाखवलं की सुईने होणारी जखम आणि तिच्याभोवतीची दाहप्रक्रिया डोपामिनच्या पेशींना विशेषकरून मारते, आणि पेशींसोबत नियामक टी पेशी, म्हणजे दाह आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी, सोडल्या तर जगणाऱ्यांची संख्या वाढते. स्टुडर यांच्या गटाला २०२४ मध्ये त्याच दाहातला टीएनएफ-अल्फा हा दुवा सापडला. संधिवातात वापरलं जाणारं अडालिमुमॅब त्याच दुव्याला अडवतं.

बाकीचे निकाल शेजारी ठेवून

एप्रिल २०२५ मध्ये दोन चाचण्या एकाच वेळी नेचरमध्ये आल्या. क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या गटाने दात्याच्या आयपीएस पेशी ५० ते ६९ वयाच्या सात जणांना दिल्या, तिघांना प्रत्येक बाजूला २१ ते २६ लाख आणि चौघांना ५३ ते ५५ लाख, सोबत टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. उपयोग मोजलेल्या सहा जणांत 'ऑफ'मधले गुण सरासरी ९.५ ने सुधारले. प्युटामेनमधलं डोपाचं शोषण ४४.७ टक्क्यांनी वाढलं आणि जास्त मात्रेच्या गटात जास्त वाढलं. उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत भ्रूणपेशींच्या कुळापासून बनवलेल्या, गोठवलेल्या पेशी बारा जणांना दिल्या, बाजूला ९ लाख किंवा २७ लाख. जास्त मात्रेच्या गटात १८ महिन्यांनी सरासरी २३ गुणांची सुधारणा झाली. २७ लाखांना ५३ लाखांपेक्षा मोठा फरक कसा, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर असं की पेशींची कृती, शुद्धता, रुग्णांची निवड आणि मोजण्याची वेळ सगळंच वेगळं. शिवाय दोन्हींत तुलनेचा गट नव्हता. मात्रा आणि शोषण एका दिशेने वाढणं हा क्योटोचा पुरावा मात्र आशेच्या खात्यात टाकता येत नाही, म्हणून तो जास्त वजनदार.

स्वतःच्या पेशींचा रस्ताही बंद झालेला नाही. सॅन डिएगोची ॲस्पेन न्यूरोसायन्स आणि बोस्टनचे गट तो चाचण्यांतून पुढे नेत आहेत. वयाचा एक मुद्दा तिथे कळीचा आहे. १९९० च्या आसपास बसवलेल्या गर्भपेशींत ११ ते १६ वर्षांनी लुई पिंड, म्हणजे पार्किन्सनची खूण असलेले प्रथिनांचे गोळे, सापडले, म्हणजे आजार नव्या पेशीतही पसरतो. ६९ व्या वर्षी पेशी घेणाऱ्याला दहा-पंधरा वर्षं मिळाली तरी पुष्कळ. पंचेचाळिशीत आजार सुरू झालेल्याला, ज्याच्या स्वतःच्या जनुकांतच तो असू शकतो, त्याच्याच पेशी देण्याआधी जनुकं तपासावी लागतील आणि कदाचित दात्याची पेशी बरी ठरेल.

आपल्याकडे मुंबई-पुण्यातल्या जाहिरातींत 'पार्किन्सनवर स्टेम सेल' म्हणून जे विकलं जातं, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. तिथे सहसा अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी शिरेतून किंवा पाठीच्या कण्यातून देतात. त्या पेशी डोपामिनच्या चेतापेशी होत नाहीत आणि प्युटामेनमध्ये जाऊन बसतही नाहीत. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत आणि चाचणीची नोंद सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर क्रमांकासह दिसते. दवाखान्यात बसल्या बसल्या तो क्रमांक मागावा. पेशी कोणत्या जातीची, कितव्या दिवशी काढलेली, फॉक्सए२ किती टक्के आणि बहुक्षम पेशी शोधण्याची तपासणी कोणती, हे चार प्रश्नही त्याच बैठकीत विचारता येतात. प्रत्यारोपणाचं काम खरोखर करणाऱ्याकडे या चारही गोष्टी तुकडीच्या कागदावर लिहिलेल्या असतात.